फोल्डरातली वैनगंगा

भाऊ गेल्यावर त्याच्या वस्तू एकेक करून घराबाहेर गेल्या. कपडे अम्मीनं वाटून टाकले, सायकल मामांकडे गेली. मी कशालाच हरकत घेतली नाही. मी डोळ्यांत तेल घालून जपत होतो ती गोष्ट हातात धरता येण्यासारखी नव्हती. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये एक फोल्डर होतं आणि त्या फोल्डरात आयकॉन एका विशिष्ट रीतीनं मांडलेले होते. ती रीत मला राखायची होती. दुसरं काही त्याच्या हातचं म्हणून उरलं नव्हतं.

आरमोरीला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत त्याचं लग्नपत्रिकांचं दुकान होतं. तो कॉम्प्युटरवर मजकूर जुळवायचा, बटर पेपरवर छापून काढायचा, आणि मागच्या पडवीत त्याचा धंद्यातला जोडीदार त्यावरून कापडी जाळीची स्क्रीन तयार करून कार्डं छापायचा. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि बाजारात कॉम्प्युटर दोन-तीनच होते. लोक पत्रिकेसाठी लांबून यायचे. येताना मजकूर कमी आणि नाती जास्त घेऊन यायचे. आमच्या सोयऱ्याकडे कुरखेड्याला कार्ड आलं होतं तसं पाहिजे, धानोऱ्याच्या लग्नात पाहिलं त्यातला मोर पाहिजे, असं सांगायचे. वर्ष कोणालाच आठवत नसे, गाव मात्र सगळ्यांना आठवे.

म्हणून भावानं फायली गावांप्रमाणे लावल्या होत्या. फाईलचं नाव मराठीत देता येत नसे आणि इंग्रजी अक्षरांत दिलेलं त्याचं त्यालाच नंतर लागत नसे. त्यानं नावांचा नाद सोडला आणि फोल्डरच्या पांढऱ्या पाटीवर आयकॉन माऊसनं उचलून जिथल्या तिथे ठेवले. वर वडसा आणि आरमोरी, उजवीकडे कुरखेडा, त्याखाली धानोरा, मध्ये गडचिरोली, खाली चामोर्शी आणि मुलचेरा. सिरोंचा इतकं खाली की खिडकी सरकवल्याशिवाय दिसत नसे. डाव्या अंगाला ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल. आणि दोन्ही बाजूंच्या मधोमध वरून खाली जाणारी एक वाकडी रिकामी पट्टी. एका ईदला मी चंद्रपूरहून घरी आलो होतो तेव्हा त्यानं मला ते दाखवलं. मी पट्टीवर बोट ठेवून विचारलं की इथे काहीच कसं नाही. तो म्हणाला, "नदी आहे ना तिथी."

मी शाळेत मराठी शिकवतो. मला ते फार आवडलं, पण मी त्याला तसं म्हटलं नाही. आमच्यात तशी पद्धत नव्हती.

त्या हिवाळ्यात मलेरिया त्याच्या मेंदूत चढला. गडचिरोलीला नेलं, तिथून नागपूरला न्यायचं ठरत होतं. ते ठरेपर्यंत तो राहिला नाही.

त्याचा चाळीसवा दिवस झाला आणि लग्नसराई तोंडावर आली. घेतलेल्या ऑर्डरी पडून होत्या. मी शाळेतून लांब रजा काढली आणि दुकानात बसू लागलो. कॉम्प्युटर मला जेमतेम येत होता. नाव बदलणं, तारीख बदलणं, छापणं, इतकंच. पण गिऱ्हाईकानं गाव सांगितलं की मीही डोळे झाकून त्या जागेवर जाऊ शकत होतो, आणि जाताना दर वेळी वाटायचं की भावानं रुळवलेल्या पायवाटेनं चाललो आहे.

घरात भावाच्या बायकोची इद्दत सुरू होती. तिला अम्मी दुल्हन म्हणायची, मीही तेच म्हणे. ती मूळची सिंदेवाहीकडची. नवरा गेल्यावर इद्दतीचे चारेक महिने बाई घराबाहेर पडत नाही आणि परक्या पुरुषासमोर येत नाही. मी तर तिचा जेठ, नवऱ्याचा थोरला भाऊ. एरवीही आमचं बोलणं अम्मीच्या मार्फतच व्हायचं. दुकान आणि घर यांच्यामध्ये एका दाराचं अंतर होतं आणि त्या दारावर एक जाड हिरवा पडदा. पडद्याच्या अलीकडे दिवसभर गिऱ्हाइकं, पलीकडे भांड्यांचा आवाज. ती असल्याचं मला तेवढंच कळायचं.

एका सकाळी मी फोल्डर उघडलं आणि नदीत एक आयकॉन दिसला.

पट्टीच्या बरोबर मध्ये, आरमोरीच्या थोडा डावीकडे. मी जवळ जाऊन बघितलं. फाईल उघडली तर भावाच्याच लग्नाची पत्रिका. ती आधी कुठे होती ते मला सांगता येईना, पण नदीत नव्हती एवढं मला पक्कं आठवत होतं. ईदच्या दिवशी ती पट्टी स्वच्छ होती. मग मी इतर गावं न्याहाळू लागलो. मुलचेऱ्याकडच्या बंगाली वस्त्यांतल्या पत्रिकांचा पुंजका जरा वर सरकल्यासारखा वाटला. मूल आणि सिंदेवाही एकमेकांच्या फार जवळ आले होते. की आधीपासूनच तसे होते? त्या दिवशी मी काम थोडं केलं आणि फोल्डरकडे जास्त बघत बसलो.

आठवणीवर विसंबण्यात अर्थ नव्हता. संध्याकाळी गिऱ्हाईक संपल्यावर मी बटर पेपरचा एक कागद घेतला आणि कॉम्प्युटरच्या काचेवर लावला. काचेतल्या विजेनं तो आपोआप चिकटला आणि माझ्या हातावरचे केस उभे राहिले. मी पेन्सिलीनं एकेका आयकॉनवर टिंब दिलं. सिरोंच्यासाठी वेगळा कागद करावा लागला. दोन्ही कागद मी माझ्या बॅगेत, पुस्तकांच्या मध्ये ठेवले. त्या काळी दिवेलागणीला रोज विजेची लाईन जायची. तशी ती गेली आणि नेहमीप्रमाणे मी शटर ओढलं.

सकाळी कागद पुन्हा काचेवर लावला. टिंबं जुळली नाहीत.

फरक मोठा नव्हता. कुठे नखाएवढा, कुठे बोटाएवढा. एखादा माणूस घरात शिरून काहीच नेत नाही, फक्त पाट, तांब्या, चपला थोड्या थोड्या सरकवून जातो, तसं ते वाटलं. चोरी झाली असती तर मी कमी घाबरलो असतो. मग इतर गोष्टी डोळ्यांत भरू लागल्या. खुर्ची मी मागे सरकवून उठत असे, सकाळी ती टेबलाला चिकटलेली असे. कॉम्प्युटरवर टाकायचा कपडा चार घड्या करून बाजूला ठेवलेला असे, टॉवेल ठेवतात तसा. मी तो कधीच असा ठेवत नव्हतो.

पुढच्या खोलीची किल्ली घराबाहेर एकाच माणसाकडे होती. भावाच्या जोडीदाराकडे.

तो बाजूच्याच खेड्यातला, चाळिशीचा, धानाची थोडी शेती असलेला. स्क्रीनला सकाळचं ऊन द्यावं लागतं म्हणून तो लवकर यायचा, बाजूच्या दारानं आत शिरून बटर पेपर घ्यायचा आणि मागे पडवीत जायचा. मी पहाटेची फजरची नमाज आणि त्यानंतरचा चहा उरकून परत येईपर्यंत त्याचं काम सुरू झालेलं असे. त्या वेळात दुकानात कोण काय करतं हे बघायला कोणी नव्हतं. अम्मी तस्बीची माळ घेऊन आतल्या खोलीत, आणि दुल्हन तर दुकानात येणारच नाही, हे मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

त्याच सुमारास बसस्टँडजवळ पत्रिकांचं नवीन दुकान उघडलं होतं. तिथे रंगीत छपाई व्हायची. आमचा छापणारा तिथे चहा पिताना दिसल्याचं एक-दोघांनी मला सांगितलं. सांगणाऱ्यांनी सहज सांगितलं असेल, मी सहज ऐकलं नाही. त्याच्या डोक्यात काय असावं हे मी रचत गेलो. फायली फ्लॉपीवर कोणीही नेईल, पण नुसत्या फायली नेऊन फायदा नाही. एवढ्या फायलींतून धानोऱ्याचा मोर काढायचा तर मांडणी हवी. मांडणी फ्लॉपीवर जात नाही, ती डोक्यातच न्यावी लागते. म्हणून हा रोज सकाळी बसून पाठ करत असणार, आणि पाठ करता करता आयकॉन हलत असणार.

मला हे इतकं पटलं की मी सापळा लावला.

एका संध्याकाळी लाईन जायच्या थोडं आधी मी मुलचेऱ्याची एक बंगाली पत्रिका उचलली आणि थेट वर, वडशाच्याही वर नेऊन ठेवली. तिथे ती ओळखू येईल अशी होती, पानात आलेल्या खड्यासारखी. मग लाईन गेली. मी शटर ओढलं.

सकाळी ती पत्रिका मुलचेऱ्याला परत आली होती.

मी खुर्चीवर बसून राहिलो. खोडसाळ माणूस घडी मोडतो, नीट करत नाही. हा नीट करत होता. म्हणजे त्याला प्रत्येक फाईलची जागा ठाऊक होती, आणि आपला माग राहू नये याचीही काळजी होती. पडवीतून स्क्रीनवर शाईचं रबर ओढल्याचा आवाज येत होता, एकसारखा, निवांत. त्या निवांतपणाचाच मला राग आला. माझा भाऊ जमिनीखाली आहे आणि हा माणूस त्याच्या हातचं शेवटचं काम थोडं थोडं करून स्वतःच्या हातात घेतो आहे, असं मला वाटलं. अम्मीला काही सांगितलं नाही. ती त्याला मुलासारखं मानायची. आणखी दोन दिवस मी गप्प राहिलो, पण त्याच्याशी बोलताना त्याच्या डोळ्यांकडे बघत राहायचो. त्याच्या ते लक्षात आलं असावं. जेवणाच्या सुट्टीत तो पूर्वी दुकानात येऊन बसायचा, ते त्यानं बंद केलं. मला आणखी एक पुरावा मिळाला.

तिसऱ्या दिवशी दुपारी उन्हामुळे रस्ता रिकामा होता. मी त्याला पुढे बोलावलं. तो हात पुसत आला आणि दारात उभा राहिला. मी बस म्हटलं नाही. शाळेत पोरांशी बोलतो त्या आवाजात मी सांगितलं की सकाळी कॉम्प्युटरला कोणीतरी हात लावतं हे मला कळलं आहे, रोज कळत आलं आहे, कागदावर खुणा आहेत. उद्यापासून या खोलीची किल्ली माझ्याकडे राहील. पुढे जोडीनं काम करायचं की नाही तेही बघावं लागेल.

त्यानं मान खाली घातली. मला वाटलं होतं तो भांडेल.  त्यानं फक्त एकदा, क्षणभर, हिरव्या पडद्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली. खिशातून किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. गुन्हा कबूल केल्यावर माणूस असाच दिसतो, असं मी मनात म्हटलं.

"भाईजान."

आवाज पडद्यामागून आला. मी दचकलो. तिचा आवाज मी कित्येक दिवसांत ऐकला नव्हता आणि परका माणूस दुकानात असताना तर तो ऐकू येणं शक्यच नव्हतं.

"त्यायले काही बोलू नका. ते मी लावतो."

छापणारा आणखी मागे सरकला, जणू त्यानं ऐकणंही बरोबर नव्हतं. मी पडद्याकडे बघू की नको या विचारात. काय लावते, असं मी विचारलं.

"गावं," ती म्हणाली. "लाईन गेली की सारी गावं पसरतात. मी सकाळी लावून ठेवतो."

त्यानंतर आतून अम्मीचा आवाज, मग दोघींची कुजबुज. छापणाऱ्यानं किल्लीला हात लावला नाही. तो म्हणाला, "मले माहीत होतं सर. मी येतो तं खिडकीतून उजेड दिसते. मी आत नाई जात तोवर, तिकडंच स्क्रीन धूत बसतो." मी विचारलं की मग आत्ता का सांगितलं नाही. तो माझ्याकडे बघतच राहिला. "बाई इद्दतीत आहेत ना. मी कसा सांगू?" आणि जाता जाता दारातून वळला, दोन्ही पंजे माझ्यापुढे धरले. नखांपासून मनगटापर्यंत लाल आणि हिरवी शाई मुरलेली. "चोरायचंच असतं सर, तं मोर नेला असता. गावं कायले नेऊ? आन् या हातानं तुमचा माऊस धरला असता तं तो असा पांढरा राह्यला असता का?"

माऊस पांढराच होता. तो रोज माझ्या हातात असायचा.

त्या संध्याकाळी मी मुद्दाम फोल्डर उघडं ठेवलं. लाईन गेली. सकाळी नमाजहून सरळ घरी आलो आणि स्वतः बटण दाबलं. आधी काचेवर निळा पडदा आला आणि बराच वेळ पांढऱ्या अक्षरांत काहीतरी तपासत राहिला. तो मी याआधी कधी पाहिलाच नव्हता, कारण माझ्याआधी तो कोणीतरी रोज पाहून संपवत होतं. मग फोल्डर उघडलं. सगळे आयकॉन डाव्या कोपऱ्यापासून ओळीनं उभे होते, शाळेच्या प्रार्थनेसारखे, इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं. सिरोंचा वडशाला लागून. मुलचेरा कुठल्या कुठे. नदी नव्हती.

खिडकी उघडी असताना वीज गेली की कॉम्प्युटर मांडणी विसरतो, एवढीच ती गोष्ट होती. भावाच्या वेळी वीज गेल्यावर कॉम्प्युटर चालू ठेवणारी बॅटरी चांगली होती म्हणून ते क्वचित व्हायचं. तो गेला त्याच सुमारास बॅटरीही बसली.

अम्मीला सोबत घेऊन दुल्हन पुढच्या खोलीत आली. दुपट्टा कपाळापर्यंत ओढलेला. तिनं खुर्ची टेबलाला लावली, कपड्याच्या चार घड्या केल्या आणि गावं लावू लागली. मी दाराशी उभा राहून बघत होतो. ती आयकॉनचं नाव वाचत नव्हती. फाईल अर्धवट उघडायची, कार्डाचा वरचा भाग दिसला की बंद करायची आणि ओढत नेऊन ठेवायची. मध्येच अम्मीला सांगायची की ही ती, मुलाकडचे सारे ट्रॅक्टरमधून आले होते. संध्याकाळी भाऊ कार्डं जुळवायचा तेव्हा ती त्याच्याजवळ बसून भाजी निवडायची, आणि तो जुळवता जुळवता गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगायचा. त्यातूनच ती सगळी गावं शिकली होती. धानोऱ्याला ती कधी गेली नव्हती.

मी बॅगेतून बटर पेपर काढला. तिला दाखवला नाही. त्यावर भावाच्या हातची मांडणी उतरवून घेतली असं मी समजत होतो, ती कोणाची होती हे आता मला दिसत होतं. मी दुकानात बसलो त्या पहिल्याच संध्याकाळी लाईन गेली होती. म्हणजे पहिल्या संध्याकाळीच त्याची मांडणी गेली, आणि दुसऱ्या सकाळपासून मी जिची राखण करत होतो ती हिची होती. सापळाही तिला दिसला नसणार. ओळीत उभ्या असलेल्या त्या बंगाली पत्रिकेला ती नेहमीप्रमाणे मुलचेऱ्याला घेऊन गेली होती, एवढंच.

मी विचारलं, एकदाही मला का सांगितलं नाही. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "तुम्ही सकाळी येऊन आधी तेच पाहत होते. पसरलेलं दिसलं असतं तं दुकान बंद करून चंद्रपूरले गेले असते."

ते खोटं नव्हतं. माझ्या बॅगेत कपडे कायम भरलेले असायचे.

शेवटचा आयकॉन उरला, तिच्या लग्नाच्या पत्रिकेचा. तिनं तो नदीत ठेवला.

मी म्हटलं, "इथी नव्हती ही. नदी रिकामी होती."

"इथीच होती."

"मी ईदला पाहिलं होतं."

"ईदच्या मागून ठेवली त्यायनं," ती म्हणाली. आणि अम्मीकडे वळून, "सिंदेवाहीहून येतानी पूल लागते ना. तिथीच गाडी बंद पडली होती."

वऱ्हाडाची गाडी पुलावर बंद पडली होती हे खरं होतं, मीही त्या गाडीत होतो. पण पत्रिका तिथे भावानं ठेवली की तिनं, हे मला कळायचा मार्ग नव्हता. अजूनही नाही. मी त्या दिवशी मान हलवली, आणि मनात शंका तशीच राहिली.

छापणाऱ्याची किल्ली मी परत केली. बरेच दिवस तो सकाळी दारातून दोन्ही हात वर करून आत यायचा, "पाहून घ्या सर," म्हणायचा आणि मगच बटर पेपर उचलायचा. मला ते ऐकून घेणं भाग होतं. इद्दत संपल्यावर दुल्हन स्वतः दुकानात बसू लागली आणि पावसाळ्यात मी शाळेत परत गेलो.

चार-पाच वर्षांनी दुकानात नवा कॉम्प्युटर आला. चंद्रपूरला माझ्या शाळेतल्या एका सहकाऱ्यानं मला एक छोटासा प्रोग्राम सीडीवर दिला. आयकॉन हवे तसे मांडायचे आणि एक बटण दाबून ती मांडणी साठवायची. नंतर काहीही विस्कटलं तरी दुसऱ्या बटणानं सगळं जिथल्या तिथे. मी खास त्यासाठी आरमोरीला गेलो. प्रोग्राम टाकून दिला, कसा चालतो ते सांगितलं. मग बॅगेतून तो बटर पेपर काढला, आता पिवळा पडलेला, आणि या वेळी तिला दाखवला. तिनं तो काचेवर धरून बघितला. नव्या कॉम्प्युटरची काच मोठी होती, टिंबं कशावरच बसत नव्हती. तिनं कागदाची घडी घालून मला परत दिला.

साठवायच्या बटणावर बाण नेऊन मी उठलो आणि खुर्ची तिला दिली. आता दाब, म्हटलं. तिनं बाण तिथून काढला, नदीतली पत्रिका उचलली आणि जराशी उजवीकडे, आरमोरीच्या काठाजवळ आणली. फार नाही, बोटभर.

"ती तिथे होती का?" मी विचारलं.

"आता राहू द्या तिथी," ती म्हणाली, आणि बटण दाबलं.